दरडोई उत्पन्न : सरासरी काय सांगते, काय झांकते

एखाद्या प्रांतांतील लोक सुखवस्तु आहेत कीं विपन्न, हें एका आकड्यानें सांगतां येईल काय? अर्थशास्त्राचें उत्तर असें कीं, प्रांतांत वर्षभरांत निर्माण झालेल्या उत्पन्नाची बेरीज करावी, तीस लोकसंख्येनें भागावें, आणि येईल त्या भागाकारास दरडोई उत्पन्न म्हणावें. गणित सोपें आहे; त्याचा अर्थ लावणें तितकें सोपें नाहीं.

हिंदुस्थानासाठीं हा हिशेब प्रथम मांडला तो दादाभाई नौरोजी यांनीं. प्रांताप्रांतांतील पिकांचा अंदाज घेऊन १८६७-६८ सालचें उत्पन्न त्यांनीं माणशीं सुमारें २० रुपये ठरविलें. पुढें १९४९ सालीं सरकारनें महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ तिचे एक सभासद होते.

आतां राज्यवार आकडे दरवर्षीं निघतात, आणि त्यांतील तफावत विचार करावयास लावणारी आहे. २०२१-२२ सालीं गोव्याचें दरडोई उत्पन्न बिहारच्या जवळजवळ दहापट, तर महाराष्ट्राचें चौपटीहून अधिक होतें. याचें कारण बिहारी माणूस कमी कष्टाळू आहे, हें नव्हे. तेथें १० कोटींहून अधिक लोकांचा भार मुख्यत्वें शेतीवर पडतो, आणि २००० सालीं झारखंड निराळा झाल्यावर खाणी व पोलादाचे मोठे कारखाने त्या राज्याकडे गेले. गोव्यांत माणसें थोडीं, आणि पर्यटन, खनिजें व औषधांचे कारखाने यांची मिळकत त्या थोड्यांतच विभागली जाते.

परंतु या आकड्याचे तीन दोष ध्यानांत ठेवावयास हवेत. पहिला असा कीं, उत्पन्न जेथें निर्माण होतें तेथें तें मोजलें जातें. जेथें खर्चिलें जातें तेथें नव्हे. मुंबईंतील चाकरमानी आपल्या पगारांतून रत्नागिरीस पैसे धाडतो, पण तो पगार जमेस धरला जातो मुंबईच्या. उलट डोंबिवलीहून रोज मुंबईस कामाला जाणाऱ्या कारकुनाची मिळकत मुंबईच्या बेरजेंत आणि डोकें मात्र ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येंत! शहराचा आकडा अशा रीतीनें फुगतो.

दुसरा दोष सरासरीचा. नऊ जणांस शंभर रुपये आणि दहाव्यास ९,१०० रुपये मिळाले, तर सरासरी येते १,००० रुपये. पण त्या दहांत हजार रुपये मिळविणारा एकही नसतो. तिसरा दोष भावांचा. मुंबईंत एका खोलीच्या भाड्यास जी रक्कम पुरत नाहीं, तींत नंदुरबारकडील खेड्यांत कुटुंबाचा महिना निघूं शकतो.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२६ या काळांत केंद्रीय करांचा राज्यांतील वांटा ठरवितांना, संपन्न राज्याच्या दरडोई उत्पन्नापासून एखादें राज्य किती मागें आहे, या कसोटीस शेंकडा ४५ इतकें महत्त्व दिलें. म्हणजे या भागाकारावर शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा पैसा अवलंबून असतो. महाराष्ट्रांत वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनें १९८४ सालीं प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला, तेव्हां निराळा मार्ग धरला. पाटबंधारे, रस्ते, शिक्षण, आरोग्य, वीज यांची जिल्हावार मोजदाद करून, राज्याच्या सरासरीहून जेथें जें उणें त्यास तिनें अनुशेष म्हटलें. मराठवाडा व विदर्भ यांच्या मागणीस त्यामुळें मोजमापाचा आधार मिळाला.

तात्पर्य, दरडोई उत्पन्नाचा आकडा टाकाऊ नाहीं. तो दिव्यासारखा आहे. खोलीचा आकार त्यांत दिसतो. कोपऱ्यांत कोण उपाशी बसलें आहे, हें पाहावयास मात्र दिवा हातीं घेऊन कोपऱ्यापर्यंत जावें लागतें.