पाटा टाकला की गाडी दबत नाही?

अंबिया बहाराचा संत्रा उतरायला महिनाभर उरला की आमच्याकडे पिकअपवाल्यांची लगबग सुरू होते. कोणी टायर पाहतो, कोणी हौद्याच्या फळ्या बदलतो, आणि दर दोघांतला एक म्हणतो, "दादा, औंदा मागून गाडी उचलून घ्यायची हाय." माझ्या मामेभावानं तर सगळं सामान घरीच आणून ठेवलं होतं. प्रत्येक बाजूला एकेक जादा पाटा, लोखंडी ठोकळे, लांब यू बोल्ट. गोठ्यासमोरच्या अंगणात एका रविवारी काम उरकायचं, असा बेत. "पाटा टाकला का गाडी दबतच नाही न," तो म्हणाला. हे वाक्य पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत मी इतक्यांदा ऐकलंय की त्यात काय खरं नि काय खोटं, ते एकदा नीट मांडावंसं वाटलं.

गरज खोटी नाही, हे आधी सांगतो. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत यायचं तर पांदणीशिवाय वाट नाही. काळ्या कन्हार मातीत पावसाळ्यातल्या ट्रॅक्टरांनी चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, नाल्यावरच्या रपट्याची कड तुटलेली असते. तिथून निघून हीच गाडी सावनेरमार्गे नागपूरला जाते, नाही तर सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला. एकाच गाडीनं चिखलही तुडवायचा आणि महामार्गही गाठायचा. तेव्हा ती उंच असावी असं वाटणं साहजिक आहे. चूक होते ती पुढे. उंची, ताकद आणि पकड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांना एकच समजतो.

"एक पाटा वाढवला की पाचशे किलो जास्त बसतं"

सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. हिशेब साधा आहे. मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, सारख्या जाडीचे सात पाटे असतील आणि आठवा टाकला, तर कमान साधारण सातव्या हिश्श्यानं कडक होते. पूर्ण भारानं ती आधी आठ सेंटीमीटर दबत असेल तर आता सात दबेल. पाट्याची स्वतःची जाडी धरली तर सगळे मिळून दीड-दोन सेंटीमीटर पदरात पडतात. जास्त वाक असलेला पाटा टाकून उंची आणखी मिळवता येते, पण मग नवा पाटा एकटाच जोर खातो आणि जुने त्याच्यावर नुसते टेकतात.

यात गाडीची वजन वाहण्याची क्षमता कुठेच वाढली नाही. कंपनी जो आकडा देते तो एकट्या कमानीवरून ठरलेला नसतो. मागचा ॲक्सल, त्याचे बेअरिंग, चासी, टायर, रिम आणि ब्रेक या सगळ्यांचा विचार करून ठरलेला असतो. बोलेरो पिकअपच्या नावात १.७ टी असेल तर ती १७०० किलो मालाची गाडी. भरलेलं कॅरेट बावीस किलोचं धरलं तर ७७ कॅरेट झाली की हिशेब संपला. शंभर कॅरेट लादली की २२०० किलो होतात. पाटा वाढवल्यावर ती शंभर कॅरेट लादूनही गाडी मागून बसलेली दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. दबलेली गाडी डोळ्यांना सांगत होती की ओझं जास्त झालंय. ती खूण आपण पुसून टाकली. पाटा माल उचलून धरेल, पण घाट उतरताना तो थांबवायचा आहे ब्रेकला, आणि ब्रेक तर तेच आहेत.

दुसरी बाजू परतीच्या प्रवासाची. नागपूरला माल उतरवून रिकामी गाडी येते तेव्हा कडक झालेली कमान लवतच नाही. मागची चाकं खड्ड्यावरून उडतात. चाक हवेत असताना टायरची रस्त्यावर पकड नसते, आणि ओल्या रस्त्यावर नेमक्या त्या क्षणी ब्रेक दाबला तर गाडीचं मागचं अंग बाजूला सरकतं. जादा पाटा टाकलेल्या गाड्यांचे चालक "रिकामी गाडी लई उडते" म्हणतात, ते यामुळेच.

"उंच केली की पोट घासत नाही"

हे अर्धं खरं आहे. कमान उंच केली किंवा कमान आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळा घातला की चासी वर जाते, हौदा वर जातो, डिझेलची टाकी वर जाते. पण मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, डिफरन्शियलचा, तो तसूभरही वर जात नाही. तो चाकांना बांधलेला आहे. पांदणीतल्या मधल्या उंचवट्याला आधी टेकतो तो हाच गोळा. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो, आणि टायरचा व्यास पाच सेंटीमीटरनं वाढला तर गोळा अडीच सेंटीमीटर वर जातो. मोठ्या टायरचे हिशेब पुन्हा वेगळे. व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर मीटरवर ६० दिसताना गाडी ६३ नं धावत असते, चढावर गिअर जड वाटतो, पूर्ण वळवलेलं चाक मडगार्डला घासू शकतं.

चिखलातून निघायला उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि माल कुठे ठेवलाय हे जास्त कामाला येतं. माल मागच्या दारापाशी रचला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. जड कॅरेट केबिनच्या बाजूनं, खालच्या थरात रचायला एक पैसा लागत नाही.

मागच्या ब्रेकची दांडी

याबद्दल बोलताना मी फार कमी लोकांना ऐकलंय, म्हणून इथे थोडा जास्त थांबतो. पुष्कळ पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चासीकडे एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते आणि ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. मामेभावाच्या गाडीखाली बॅटरी घेऊन गेलो तेव्हा ती चिखलानं इतकी माखली होती की त्याला ती तुटकी तार वाटली. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडीत माल पडला की चासी खाली येते, ॲक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर कमी होतं, दांडी व्हॉल्व्हला ढकलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढतं आणि मागचा दाब कमी होतो, नाही तर हलकी मागची चाकं जाम होऊन घसरली असती.

आता गाडी मागून दोन इंच उचलली. माल पूर्ण भरला तरी अंतर पुरेसं कमी होत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडीत माल थोडाच आहे आणि मागच्या ब्रेकला दाब कमीच देतो. म्हणजे सर्वांत जड गाडी पुढच्या दोन चाकांच्या भरवशावर थांबते. पुढचे ब्रेक तापतात, गाडी थांबायला जास्त रस्ता लागतो. उंची बदलली तर या व्हॉल्व्हची बैठकही बदलावी लागते, आणि ती कंपनीच्या मापानं जुळवावी लागते, अंदाजानं नाही. दांडी वाकवून "जमवणं" किंवा ती काढून टाकणं म्हणजे ब्रेकशीच खेळणं.

ब्रेकचा रबरी पाइपही तिथेच पाहावा. गाडी जॅकवर असताना, ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना, पाइपला थोडी ढील उरली पाहिजे. तो ताणलेला दिसला तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात तो सुटायला वेळ लागत नाही. शॉकअपचंही तसंच. उंची वाढवून जुनाच शॉकअप ठेवला तर तो आधीच लांबलेला असतो आणि चाक खाली गेलं की झटका खातो.

"उंच गाडी वळणावर दिमाखात जाते"

उंच गाडी उलटायला सोपी असते. चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर उंच धरू. तो दहा सेंटीमीटरनं वर गेला तर वळणावर उलटण्याविरुद्धची गाडीची क्षमता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. संत्र्याची कॅरेट केबिनच्या वर रचली असतील तर आणखी. सिल्लेवानीच्या वळणांवर नेहमीच्या वेगानं गाडी घालणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, कारण वेग नेहमीचाच असतो.

पुढच्या बाजूबद्दल थोडक्यात. ज्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो त्यांचा बोल्ट आवळून पुढून उंची मिळते आणि "सस्पेन्शन कडक झालं" असा समज होतो. बारची कडकाई बदलत नाही. फक्त चाकाची खाली जाण्याची जागा कमी होते, बॉल जॉइंट तिरपे बसतात आणि टायर एका बाजूनं झिजतो. पुढच्या ॲक्सलला ठोकळे लावणं तर कधीच करू नये. ब्रेक लागताना ॲक्सलला जो पीळ बसतो तो त्या ठोकळ्याला उखडू पाहतो. मागेही ठोकळ्यावर ठोकळा चढवू नये.

"पाटे ठोकून कमान काढली की नव्यासारखी"

भट्टीत लाल करून, ठोकून वाक देणं गावोगाव चालतं. पाट्याचं पोलाद मुद्दाम कडक करून, मग ठरावीक उष्णतेला पुन्हा तापवून लवचीक केलेलं असतं. भट्टीत ते संस्कार निघून जातात. वाक दिसतो, पण पाटा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो, किंवा तडकतो. वेल्डिंगबद्दल तर बोलूच नये. पाट्यावर वेल्डिंगचा टाका पडला की तडा तिथूनच सुरू होतो.

घरी करायचं म्हटलं तर

पान्यानं बोल्ट उघडता येतात म्हणजे काम घरचं, असं नाही. मागची बाजू जॅकवर घेतली की हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही, कारण बहुतेक पिकअपमध्ये तो मागच्याच चाकांना धरतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्याच चाकांवर अडते. म्हणजे मागची चाकं उचलताच गाडी पुढे-मागे जायला मोकळी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. एकट्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये, मग काम दोन मिनिटांचं असो. कन्हारात तर जॅकच खाली रुततो. पक्का ओटा आणि वजन झेलणारे स्टँड नसतील तर काम घरी करायचंच नाही.

पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर ती घरी उघडू नये, एवढंच सांगतो. पाचशे किलो वजनाखाली पंधरा सेंटीमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये अडतीस किलोचं पोतं एक मीटरवरून पडावं इतका जोर साठलेला असतो. तो सुटला तर हात वाचत नाही.

कायद्याबद्दलही एक समज पक्का आहे: आरसीत कमानीची उंची लिहिलेली नसते, मग कोण विचारणार? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलांत मालकाला मनानं फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गाडी मंजूर नमुन्याप्रमाणेच असली पाहिजे असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला, दर फेरफारामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. जादा मालाला वीस हजार रुपये, वर दर जादा टनामागे दोन हजार. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीखाली काय बदललंय तेही पाहते, आणि तेव्हा भांडायला हातात काही नसतं.

मामेभावाला मी म्हटलं, आधी मोजू तर दे. सपाट ओट्यावर रिकामी गाडी उभी केली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरला. उजवीकडे आणि डावीकडे दीड इंचाचा फरक निघाला. डाव्या कमानीतला एक पाटा सेंटर बोल्टजवळ तडकला होता, शॅकलचे बुश खाऊन संपले होते. म्हणजे त्याला गाडी उंच करायची नव्हतीच, गेलेली उंची परत हवी होती. जादा पाटे दुकानात परत गेले. दोन्ही बाजूंना कंपनीच्या मापाचे पूर्ण कमानसंच, नवे बुश आणि नवे यू बोल्ट बसवले, सौसरच्या एका जाणत्या कमानवाल्याकडून. जुने यू बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नाहीत. बुशचे बोल्ट त्यानं गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे आवळले. गाडी लोंबकळत असताना आवळले असते तर रबर कायमचं पिळलेलं राहिलं असतं. मागची उंची बदलली की पुढच्या दिव्यांचा झोतही हलतो, म्हणून संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून तोही जुळवला.

पहिल्या दोन खेपा सत्त्याहत्तर कॅरेटच्या झाल्या. तिसऱ्या खेपेआधी आम्ही पुन्हा गाडीखाली शिरलो. चारही यू बोल्टवर टॉर्क रेंच लावला, तर डाव्या बाजूच्या दोन नटांनी जवळजवळ पाव फेरा घेतला.