यात्रेची तारीख कोणी ठरवायची?

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की चातुर्मासात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि महाराष्ट्रातील अनेक गावांच्या संघांच्या बसगाड्या पालिताण्याच्या वाटेला लागतात. कराडमधील एका घाऊक धान्यव्यापारी कुटुंबाने अशाच एका संघात श्रावणातच सहा जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांतील एक जागा घरातील एक्क्याऐंशी वर्षांच्या बांची होती. मुलाला बरोबर घेऊन आदेश्वर दादांचे एकदा दर्शन घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

मुलाचे वय 54, वजन 126 किलो. पेढीवर बैठे काम, अवेळी जेवण आणि बारा वर्षांचा मधुमेह. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय 43 वर गेला होता. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकणारी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया सुचवली. पर्युषण आटोपताच ती करायची, म्हणजे यात्रेपर्यंत दोन महिने मिळतील, असा बेत होता. परंतु रक्तातील साखर आटोक्यात येण्यास वेळ लागला आणि शस्त्रक्रिया दिवाळीच्या आठवडाभर आधी पुण्यात झाली. पौर्णिमेला उरले अवघे बावीस दिवस.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. दुर्बिणीने केलेल्या या शस्त्रक्रियेच्या जखमा लहान असतात. रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो, हिंडूफिरू लागतो, वजनकाट्यावरचा आकडा दररोज उतरतो. लक्ष्मीपूजनाला गृहस्थ पेढीवर येऊन बसले, तेव्हा पाहणाऱ्यांना ते पूर्ण बरे झालेले वाटले. त्यांना स्वतःलाही तसेच वाटले. “बसमध्ये तर बसायचे आहे, आणि वर डोली मिळते,” असे ते म्हणू लागले.

तपासणीच्या दिवशी शल्यचिकित्सकांनी त्यांच्यापुढे चार गोष्टी मांडल्या.

पहिली गोष्ट रक्ताच्या गुठळीची. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेला प्रवास, मग तो बसचा असो वा विमानाचा, त्यात भर घालतो. ती गुठळी फुप्फुसात पोहोचली तर जिवावर बेतते. कराड ते पालिताणा हा प्रवास तर एका रात्रीतही न संपणारा.

दुसरी गोष्ट टाक्यांची. जठर जिथे जोडलेले असते, तिथून गळती होण्याची शक्यता थोडी असली तरी पहिल्या काही आठवड्यांत ती संपलेली नसते. ताप, वाढलेली नाडी, पोटात वा खांद्यात दुखणे ही तिची लक्षणे. ती दिसताच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी संपर्क साधून विनाविलंब रुग्णालय गाठावे लागते. पालिताण्याहून भावनगरसारखे मोठे शहर सुमारे 50 किलोमीटर आणि रुग्णाची सारी माहिती असलेले डॉक्टर पुण्यात.

तिसरी गोष्ट आहाराची. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतर वाटून मऊ केलेले अन्न, मग हळूहळू नेहमीचे जेवण, असा क्रम असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील रुग्णाला संघाच्या भोजनशाळेतील पंगत झेपत नाही. मधुमेहाच्या औषधांचे प्रमाणही या काळात वारंवार बदलावे लागते, अन्यथा साखर एकाएकी उतरते.

चौथी गोष्ट पाण्याची. हिचा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात लगेच कळावा असा आहे. या रुग्णाला दिवसात किमान दीड लिटर द्रव पोटात जावे लागते, पण एका वेळी घोट मात्र जेमतेम 30 मिलिलिटरचा. म्हणजे पन्नास घोट. कार्तिकात दिवस सुमारे 11 तासांचा. त्यातून नवकारशीची 48 मिनिटे वजा केली आणि सूर्यास्तापासून चौविहार पाळला, तर हाती उरतात दहा तास. दर तासाला पाच घोट, एकही तास न चुकवता! साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांच्या त्या डोंगरावर, दर्शनाच्या गर्दीत आणि उन्हात, हा हिशेब जुळणे कठीण. तो चुकला की शरीरातील पाणी कमी होते, चक्कर येते आणि रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावे लागते.

डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट होता : लांबचा प्रवास सहा आठवड्यांआधी नको आणि डोंगराची चढण त्याहूनही पुढे.

घरी चर्चा मात्र निराळ्याच गोष्टींची झाली. साधर्मिक भक्तीचा एका दिवसाचा लाभ घेतलेला, सहा जागांचे पैसे भरलेले, नातेवाइकांना कळवलेले. थोरल्या सुनेने शांतपणे एक मुद्दा मांडला. भरलेली रक्कम गेले तरी खर्ची पडली आणि न गेले तरी खर्ची पडली. तेव्हा तिच्यासाठी जायचे का, हा प्रश्नच उरत नाही. साधर्मिक भक्तीचा लाभ तर घरातील इतर माणसे गेली तरी तितकाच मिळतो. लोकांना काय वाटेल, या चिंतेची किंमत मात्र पुढे रुग्णालयात मोजावी लागली असती.

गृहस्थांच्या मनाला खरी बोचणी होती ती बांची. पुढच्या कार्तिकाचा भरवसा कोणी द्यावा? ते उपाश्रयात गेले आणि चातुर्मासासाठी बिराजमान असलेल्या महाराजसाहेबांपुढे त्यांनी मन मोकळे केले. महाराजसाहेबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पच्चक्खाणाच्या सूत्रातच समाधी टिकवण्यासाठी आगार ठेवलेला आहे. तेव्हा शरीर सावरेपर्यंत औषध आणि पाण्याच्या वेळा डॉक्टर सांगतील तशा पाळाव्यात, नियमांविषयी गुरूंना विचारावे. आणि ज्यांना गिरिराजावर जाता येत नाही, त्यांच्यासाठीच तर कार्तिकी पौर्णिमेला गावोगावी शत्रुंजयाचा पट बांधला जातो.

घरी आल्यावर त्यांनी बांना हे सांगितले. बा काही वेळ माळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला तुला घेऊन दादांकडे जायचे होते. तू बरा नसशील तर मी तिथे जाऊन दादांकडे मागू काय? तेच इथे बसून मागेन.” घरातील चौघे संघाबरोबर गेले. पौर्णिमेच्या सकाळी गावातील पटासमोर बा आणि त्यांचा मुलगा शेजारी शेजारी बसले. मुलाच्या हातात उकळलेल्या पाण्याची बाटली होती आणि दर दहा-बारा मिनिटांनी बाच त्याला घोट घेण्याची आठवण करून देत होत्या.

असा प्रसंग आता अनेक घरांत येतो. कधी यात्रा असते, कधी लग्न, कधी परदेशातील मुलाकडे जाणे. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वीच पुढील तीन महिन्यांतील प्रवासांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. प्रवासास अनुमती मिळाल्यास पायांतील घट्ट मोजे वा रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन लागेल का, हे विचारावे. वाटेत वरचेवर उतरून चालावे, जड सामान उचलू नये, शस्त्रक्रियेची कागदपत्रे जवळ ठेवावीत. जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलमध्ये जिलेटिन असू शकते. त्याऐवजी शाकाहारी गोळ्या मागून घ्याव्यात. प्रवासविमा घेताना झालेली शस्त्रक्रिया लपवू नये आणि पॉलिसीतील अपवादांचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

फाल्गुनात, वजन 28 किलोंनी उतरल्यावर आणि डॉक्टरांच्या अनुमतीने, मायलेक पालिताण्याला गेले. वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबत होती. बा डोलीत होत्या. मुलगा डोलीशेजारून पायी निघाला. हिंगळाजच्या चढावर दम लागला, तेव्हा त्यानेही संकोच न करता डोली केली. दादांच्या दरबारात दोघे एकाच वेळी पोहोचले.