जुन्या मोटारीचा सायलेन्सर आणि मध्यमवर्गीय खिसा

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर बरेच हळवे लेखन केले. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी झाली आणि ती सेवेतून गेली, यात नियमाविरुद्ध काहीच नव्हते. परंतु दूरच्या गावी पद्मिनी बाळगून असलेल्या आम्हां लोकांना त्या दिवशी निराळीच काळजी पडली. मुंबईत ही टॅक्सी हजारोंनी धावत होती तोवर तिचे सुटे भाग बनविणाऱ्यांना ते बनवीत राहण्यास कारण होते. आता ग्वाल्हेर, इंदूर, जबलपूर किंवा बडोद्यात एखाद्या मराठी घराच्या फाटकाआड उभ्या असलेल्या पद्मिनीसाठी भाग कोण घडविणार?

पद्मिनीचे आणि मराठी मुलखाचे नाते जुने आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि तीच गाडी १९७४ नंतर पद्मिनी या नावाने घरोघर गेली. आमच्या तीर्थरूपांनी ती १९८६ साली घेतली. आज ती आमच्याकडे आहे. रविवारी सकाळी बाही वर सारून तिच्याखाली शिरणे, यास छंद म्हणावे की व्यसन, याविषयी घरात मतभेद आहेत.

हा छंद अलीकडे महागला आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजारांवर गेली. शिवाय आमच्या गावात हिवाळा आला की शेजारीपाजारी हटकून विचारतात, "मेळ्यातून नवी का घेत नाही?" माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात अलीकडे काही वर्षी नव्या वाहनांना रस्ताकरात निम्मी सूट मिळालेली आहे, त्यामुळे हा प्रश्न अगदीच गैर नाही. ज्यांना जुनीच राखायची आहे, त्यांनी मात्र पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, हे जाणले पाहिजे. सायलेन्सर आणि त्याचे पाइप हा या विचाराचा उत्तम नमुना आहे.

मुळात हा भाग सडतो कसा, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, पावसाचे पाणी आणि चिखल खालून लागून सायलेन्सर गंजतो. ते थोडेच खरे आहे. खरा शत्रू आत असतो. पेट्रोल जळते तेव्हा त्यातील हायड्रोजन आणि हवेतील प्राणवायू यांचे पाणी होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. एंजिन तापलेले असले म्हणजे ते वाफ होऊन निघून जाते. गाडी थंड असताना हीच वाफ पाइपात व सायलेन्सरच्या पोटात निवते आणि साचते. थंडीच्या सकाळी शेपटीच्या पाइपातून टपटपणारे थेंब आपण सर्वांनीच पाहिले आहेत. लष्करातून निघून महाराजबाड्यावर भाजी घ्यायची आणि परत यायचे, किंवा फार तर मुरारपर्यंत जायचे, एवढाच जिचा प्रवास, त्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही. म्हणून कमी धावणाऱ्या, जपून वापरलेल्या गाडीचा सायलेन्सर पुष्कळदा रोज लांब पल्ल्यावर जाणाऱ्या गाडीच्या आधी जातो. एंजिनाजवळचा पाइप चांगला तापतो, म्हणून तो टिकतो. मागचा भाग थंड राहतो, म्हणून तो आधी सडतो. पैसे वाचविण्याची सगळी किल्ली या एका गोष्टीत आहे.

आता आमचाच अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात आम्ही उभयता दतियाला देवीच्या दर्शनास गेलो होतो. परतताना धुके दाटले, म्हणून काचा लावून घेतल्या. थोड्याच वेळात सौभाग्यवतींचे डोके दुखू लागले आणि मळमळू लागले. पित्त झाले असेल, असे त्यांचे म्हणणे. आम्ही काचा उघडावयास सांगितल्या. बोचरा वारा आत आला आणि पंधरा-वीस मिनिटांत त्यांना हुशारी वाटली. पित्त वाऱ्याने उतरत नाही. आम्ही उरलेला रस्ता मफलर गुंडाळून, उघड्या काचांनी कापला, आणि दुसऱ्या दिवशीच गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने खाली डोकावून निकाल दिला, "मास्साब, पूरा बदल दो." मॅनिफोल्डपासून शेपटीपर्यंत सगळेच नवे घाला, असा त्याचा अर्थ. आम्ही त्याला नमस्कार केला आणि गाडी घरी आणली. हा सल्ला वाईट हेतूने दिला होता, असे आम्ही म्हणत नाही. सगळे बदलणे त्याला सोपे असते, कारण शोधत बसावे लागत नाही. पण शोधण्याचा वेळ आपल्याजवळ असतो, पैसा नसतो.

शोधण्याची रीत साधी आहे. एंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागेत, पहाटे गाडी सुरू करावी. एकाने जाड ओला फडका शेपटीच्या पाइपाच्या तोंडाशी क्षणभर धरावा आणि दुसऱ्याने कान देऊन ऐकावे. फट असेल तेथे फसफस असा आवाज येतो. मग एंजिन बंद करून काजळीच्या खुणा पाहाव्यात. सांध्याभोवती काळा पंखा उमटला असेल तर तेथूनच धूर निघतो, हे निश्चित समजावे. शेवटी पेचकसाच्या मुठीने पाइप ठोकत मागपर्यंत जावे. चांगले लोखंड टणटण वाजते, सडलेले बद्द बोलते. आमच्या गाडीत मॅनिफोल्ड आणि पुढचा पाइप यांच्या सांध्याचे पॅकिंग जळून गेले होते आणि तेथील एक स्टड तुटलेला होता. पुढचा पाइप खणखणीत होता. सायलेन्सरचा मागचा अर्धा भाग व शेपटीचा पाइप मात्र पापडासारखा झाला होता. म्हणजे सौभाग्यवतींचे डोके दुखले ते त्या तळहाताएवढ्या पॅकिंगपायी. एंजिनाच्या खोलीतील तो धूर पायांजवळच्या तारांच्या भोकांतून आत येत होता.

या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि मग रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते. आरंभी डोकेदुखी, मग मळमळ, मग ग्लानी. चालवणाराच ग्लानीत गेला तर पुढचे सांगावयास नको. नव्या गाड्यांत हा वायू बराचसा निष्प्रभ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते. भारतात ते १९९५ पासून, प्रथम चार महानगरांत, आवश्यक झाले. आमच्या पद्मिनीच्या जन्मकाळी त्याची वार्ताही नव्हती. जुन्या पेट्रोल-मोटारीच्या प्रदूषण-तपासणीत हा वायू शेकडा तीनपर्यंत चालतो, यावरूनच तो किती असतो याची कल्पना यावी. लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रोगी यांना त्याचा त्रास लवकर होतो. जुनी गाडी बंद गॅरेजमध्ये एक मिनिटही चालू ठेवू नये.

म्हणून आमचा नियम असा की, बसणाऱ्यांच्या पुढे आणि पायांखाली जे सांधे आहेत तेथे कंजूषी करायची नाही. पॅकिंग नेहमी नवे घालावे, जुने उलटून पालटून पुन्हा घालू नये. ते खरवडताना पाण्याने ओले करून घ्यावे, कारण त्या काळच्या पॅकिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात जाणे बरे नव्हे. नळगळतीसाठी मिळणारा दोन गोळ्यांचा मसाला येथे लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तो त्या उष्णतेत जळून जातो, आणि काम झाले अशा समजुतीत माणूस काचा लावून बसतो.

पैसा वाचतो तो इतरत्र. पुढचा पाइप चांगला असेल तर तो राहू द्यावा. एकच फ्लँज खराब असेल तर लेथवर नवी कापून घेता येते. पाइपाला भोक पडले असेल आणि भोवतालचे लोखंड जाड असेल तर ठिगळ चालते. पातळ पत्र्यावर रॉडचे वेल्डिंग केले तर जाळून मोठे भगदाड पडते, तेथे गॅसचे वेल्डिंग बरे. शेपटीचा पाइप तयार मिळाला नाही तरी जुना नमुना नेऊन दिल्यास वाकवून देणारे कारागीर आमच्या ट्रान्सपोर्ट नगरासारख्या वस्तीत सापडतात. नमुना तुकडे झालेला का असेना, फेकू नये. सगळी वळणे त्याच्यातच असतात.

दोन मोह मात्र टाळावेत. एक, पाण्याच्या नळाचा जस्ती पाइप स्वस्त म्हणून वापरणे. वेल्डिंग करताना त्यावरील जस्ताचा धूर निघतो आणि बिचाऱ्या कारागिराला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दुसरा मोह जुन्या बाजारातील वापरलेल्या सायलेन्सरचा. तो बाहेरून रंगवलेला असतो आणि सडतो आतून, हे वर सांगितलेच आहे. कार्ब्युरेटर, दिवे, दारांच्या मुठी जुन्या खुशाल घ्याव्यात. सायलेन्सर नवाच घ्यावा, आणि ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पत्र्याचा मिळाला तर थोडे अधिक द्यावे. आम्हांस तो दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारात मिळाला. दिल्लीला मात्र आगगाडीने जावे. पंधरा वर्षांवरील पेट्रोल-गाडी तेथे घेऊन जाणे म्हणजे नसती कटकट ओढवून घेणे होय.

जोडणीच्या कामात खरी कसोटी स्टड काढण्याची. चाळीस वर्षे तापून निवून गंजलेला स्टड जोर लावला की मोडतो, आणि मग बिडाच्या मॅनिफोल्डमधून तो कोरून काढण्यातच सगळी बचत जाते. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल घालून ठेवावे, सकाळी पुन्हा घालावे, आणि पाना पुढे-मागे थोडा थोडा फिरवावा. परत लावताना पितळी नट घ्यावेत. ते गंजून धरून बसत नाहीत, म्हणजे पुढच्या खेपेस आपले कष्ट वाचतात. गाडी विटांवर उभी करणे हा आत्मघात आहे. वीट फुटते, आणि तीही न सांगता. लोखंडी घोड्या भाड्याने आणाव्यात. पाइप गाडीखालून काढूनच वेल्डिंग करावे, कारण मागे पेट्रोलची टाकी आहे. सगळे सांधे प्रथम सैल बसवावेत, पाइप कोठे घासत नाही, रबरी हँगरांवर सरळ लोंबतो, हे पाहावे, आणि मग पुढून मागे कसत जावे. शेपटीचा पाइप बंपरच्या बाहेर निघालाच पाहिजे. चार बोटे पाइप वाचवून तो आत संपविला तर धावत्या गाडीमागच्या पोकळीत धूर ओढला जातो आणि डिकीच्या फटींतून आत येतो.

आमच्या तरुण पुतण्याचे मत असे पडले की, आतल्या जाळ्या काढून सरळ नळी घातली तर स्वस्तही पडेल आणि गाडीला रुबाबही येईल. चार सिलिंडरचे एंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा सेकंदाला शंभर स्फोट होतात. सायलेन्सरमधील कप्पे आणि छिद्रे त्या लहरी एकमेकींवर आदळवून शमवितात. ते काढले तर १०८९ घनसेंटिमीटरच्या त्या गरीब एंजिनाला बळ येत नाही, फक्त आवाज येतो. गोंगाटाच्या गुन्ह्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, हे सांगितल्यावर त्याचा रुबाब ओसरला.

एकंदर खर्च मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आला. प्रदूषणाचे प्रमाणपत्र सांधे बंद झाल्यावरच घ्यावे. सायलेन्सरच्या वाटेत फट असेल तर बाहेरची हवा मिसळून यंत्र खोटा आकडा दाखविते, आणि खोट्या आकड्याने आपली डोकेदुखी थांबत नाही.

नवे पॅकिंग पहिल्या काही तापण्यांत दबते. म्हणून शंभर किलोमीटर झाल्यावर, गाडी थंड असताना, नट पुन्हा एकदा कसावेत. आणि आठवड्यातून एकदा तरी सायलेन्सर चांगला तापेल इतकी गाडी चालवावी. आम्ही त्यासाठी मुरैन्याचा रस्ता धरला आहे. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात, पोटातले पाणी सगळे उडून जाते, आणि हिवाळ्यात तेथली गजक ताजी मिळते, म्हणून सौभाग्यवतींचीही या प्रवासाला हरकत नसते.