एकच चॉकलेट स्टाउट, बाटलीत वेगळी अन् कॅनमध्ये वेगळी का लागते?

यंग्ज डबल चॉकलेट ही ब्रिटिश स्टाउट बाटलीतही मिळते आणि कॅनमध्येही. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्या तर वाटतं, या दोन वेगळ्याच बिअर आहेत. हा मुख्यतः गॅसचा खेळ आहे.

बाटलीत कार्बन डायऑक्साइड असतो. तो बिअरमध्ये विरघळला की थोडं कार्बोनिक आम्ल बनतं. म्हणून जीभ चुरचुरते, भाजलेल्या माल्टचा कडवटपणा पुढे येतो. कॅनमध्ये नायट्रोजन असतो, शिवाय प्लॅस्टिकचा एक पोकळ गोळा, म्हणजे विजेट. कॅन उघडला की दाब एकदम उतरतो, गोळ्याच्या बारीक छिद्रातून फवारा सुटतो आणि अगदी छोटे बुडबुडे तयार होतात. फेस सायीसारखा, चव मऊ. गिनेसने अशा कल्पनेच्या पेटंटसाठी १९६९ मध्येच अर्ज केला होता!

दुसरा मुद्दा प्रकाशाचा. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशात तुटतात आणि घाणेरडा वास येतो. कॅन प्रकाश पूर्ण अडवतो, तपकिरी काच बराचसा, पारदर्शक काच फारच कमी. त्यामुळे दुकानात ट्यूबलाइटखाली मांडलेली बाटली नकोच.

स्वतः तपासायचंय? कायद्याने वय बसत असेल तरच. दोन्ही सारख्याच थंड करा, सारख्या ग्लासात मित्राला ओतायला सांगा आणि डोळे मिटून चाखा. फेस दिसला की उत्तर फुटलंच!