खिडकीमागचा एकटा कारकून

संगणकावर व्याख्यान आहे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या मनात दोन अपेक्षा उत्पन्न होतात. वक्ता उद्याच्या जगाचे अद्‌भुत चित्र रंगवील ही एक, आणि आपणास त्यातले काहीएक समजणार नाही ही दुसरी. ह्या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करण्याचा आमचा विचार नाही. पतसंस्थेत, तहसील कचेरीत, खताच्या दुकानात किंवा दवाखान्याच्या नोंदणीच्या टेबलावर जो पडदा असतो, त्यावर खिडक्या, बटणे, याद्या आणि लिहिण्याच्या पेट्या दिसतात. त्या कशा अडतात, कशा चुकतात आणि प्रोग्राम लिहिणाराने त्या दुरुस्त कशा करावयाच्या, एवढाच आमचा विषय आहे. विषय लहान खरा. परंतु त्या पेट्यांत आपली नावे, आपली गावे आणि आपले पैसे असतात.

ही खिडक्यांची पद्धत तशी अलीकडची. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट ह्यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊस हातात धरून पडद्यावर काम करण्याचे प्रात्यक्षिक दाखविले. झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ १९८१ साली आला, ‘मॅकिन्टॉश’ १९८४ साली, आणि ‘विंडोज’ १९८५ साली. त्यापूर्वीचे प्रोग्राम माणसाला प्रश्न विचारीत आणि माणूस उत्तर देई. खिडक्या आल्या आणि हा क्रम उलटा झाला. आता माणूस वाटेल तेव्हा वाटेल ते बटण दाबतो आणि प्रोग्रामाने त्याला उत्तर द्यावयाचे असते. आमच्या धंद्यातील निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ ह्या उलटापालटीत आहे.

ते समजण्यासाठी एस. टी. स्टँडवरील चौकशीची खिडकी डोळ्यांपुढे आणावी. आत एकच कारकून बसला आहे. बाहेरचे लोक आपापल्या प्रश्नाची चिठ्ठी एका टोपलीत टाकतात, कारकून वरून एकेक चिठ्ठी उचलतो, उत्तर देतो, पुढची उचलतो. पडद्यावरील प्रत्येक खिडकीमागे असाच एकटा कारकून असतो. बटण दाबले, माऊस हलविला, कळ दाबली, एवढेच काय, खिडकीचा झाकलेला भाग पुन्हा रंगवावयाचा झाला तरी त्याची चिठ्ठी टोपलीत पडते. चिठ्ठ्या भराभर उचलल्या जातात तोपर्यंत सारे सुरळीत असते. परंतु एखाद्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘वर्षभराच्या सर्व ठेवींचे व्याज काढा’. कारकून उठतो, मागच्या खोलीत जातो आणि पंधरा मिनिटे येतच नाही. बाहेर टोपली भरत राहते. पडदा गोठतो. पाच सेकंद एकही चिठ्ठी उचलली गेली नाही, की विंडोज त्या खिडकीवर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी लावते, आणि टेबलावरचा माणूस समजतो, संगणक बिघडला. संगणक बिघडलेला नसतो. तो मन लावून व्याज काढीत असतो.

आता आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका पतसंस्थेसाठी आम्ही रोजच्या भरण्याचा प्रोग्राम लिहिला होता. ‘जमा करा’ असे बटण होते. ते दाबले की रक्कम दूरच्या संगणकावर नोंदली जाई आणि पावती छापली जाई. एरवी हे क्षणात होई. परंतु दुपारी तार मंदावली की आठ-दहा सेकंद लागत. भाजी विकून रोज शंभर रुपये भरणाऱ्या एका बाईंच्या खात्यात एके दिवशी दोनशे रुपये दिसले. आणि संध्याकाळी गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले, म्हणून टेबलावरच्या मुलाने ते स्वतःच्या खिशातून घातले. असे आठवड्यात तीनदा झाले तेव्हा तो आमच्याकडे आला. त्याने काय केले होते? पडदा हलेना म्हणून बटण पुन्हा दाबले होते. आपणही हेच केले असते.

आम्हांस उपाय सोपा वाटला. बटण दाबताच ते निकामी करावे आणि काम आटोपले की पुन्हा चालू करावे. तसे केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन पावत्या! आम्ही चक्रावलो. मग ध्यानात आले, की कारकून मागच्या खोलीत असताना पडलेली दुसरी चिठ्ठी टोपलीत न वाचलेलीच राहते. तो परत येतो, प्रथम बटण चालू करतो आणि मग टोपलीकडे वळतो. तेव्हा बटण चालूच असते. सबब ती चिठ्ठी रीतसर ठरते. बटण निकामी होते त्या काळातली ती चिठ्ठी आहे, हे पाहावयास तेथे कोणी हजरच नव्हते.

खरा उपाय असा, की कारकुनाने खिडकी सोडूच नये. लांबणारे काम त्याने मागच्या खोलीतील दुसऱ्या माणसाकडे द्यावे. ह्याला आमच्या भाषेत ‘थ्रेड’ म्हणजे धागा म्हणतात. मग निकामी बटणावरची चिठ्ठी आल्या क्षणीच केराच्या पेटीत जाते, खिडकी रंगविली जाते, आणि ‘नोंद चालू आहे, थांबावे’ असे शब्दही दाखविता येतात. मात्र एक पथ्य आहे आणि नवशिके तेथेच घसरतात. मागच्या खोलीतल्या माणसाने पडद्याला स्वतः हात लावावयाचा नाही. एकाच खतावणीत दोन हात एकाच वेळी लिहू लागले तर जे होईल तेच पडद्याचे होते. आणि तेही रोज होत नाही, कधी तरी गर्दीच्या दिवशी होते, म्हणून शोधावयास फार जड जाते. काम झाले की त्याने इतरांसारखीच एक चिठ्ठी टोपलीत टाकावी. पडद्यावर लिहिणे कारकुनाचे. विंडोज फॉर्म्स, जावाचे स्विंग, क्यूटी, सर्वत्र हाच दंडक आहे.

एवढे करूनही आम्ही थांबलो नाही. खिडकी उघडतानाच पावतीस एक क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा आल्यास ती खातेवहीनेच नाकारावी, अशी तजवीज केली. पडद्यावरचा बंदोबस्त कितीही चांगला असला तरी पैशाच्या कामात शेवटचा पहारा तिजोरीशीच हवा.

दुसरी अडचण यादीची. ती आपल्या जिल्ह्याच्या नावाशीच निगडित आहे. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. पडद्यावर तालुका निवडण्यासाठी खाली उघडणारी एक यादी असते. आठ तालुके अकारविल्हे लावले तर जुनी यादी अशी होई: उमरगा, उस्मानाबाद, कळंब, तुळजापूर, परांडा, भूम, लोहारा, वाशी. नाव बदलले आणि यादी नव्याने लागली: उमरगा, कळंब, तुळजापूर, धाराशिव, परांडा, भूम, लोहारा, वाशी. आता, प्रोग्राम लिहिणाराने तालुक्याचे नाव न साठविता त्याचा यादीतील क्रमांक साठविला असेल, आणि असे आळशी लोक पुष्कळ असतात, आम्हीही एकेकाळी त्यांतलेच, तर काय होईल? पूर्वी २ म्हणजे उस्मानाबाद. आता २ म्हणजे कळंब. ३ होता कळंब, तो झाला तुळजापूर. ४ होता तुळजापूर, तो झाला धाराशिव. गंमत अशी, की उमरगा आणि परांड्यापासून वाशीपर्यंतचे तालुके जागचे हलतच नाहीत. भूमच्या माणसाने तपासले तर सर्व बरोबर! सर्वच चुकले असते तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती. आठांपैकी तीनच तालुके आपसांत फिरले, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने झाकून राहू शकते. आणि तेवढ्या अवधीत कळंबच्या शेतकऱ्याचा अर्ज तुळजापूरच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

येथे उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक तालुक्यास कायमचा संकेतांक द्यावा, तोच साठवावा, आणि नाव केवळ दाखविण्यापुरते ठेवावे. जिल्ह्याचे नाव बदलले तरी मोटारींवरील ‘एमएच २५’ बदलले नाही, हे आपण रस्त्यावर रोज पाहतो. ते याच तत्त्वाने.

परंतु झालेली चूक निस्तरणे मात्र एका ओळीचे नाही. वरवर वाटते, की यादी बदलण्याच्या दिवसापूर्वीच्या नोंदी जुन्या यादीने वाचाव्या आणि नंतरच्या नव्या यादीने. मग जुनी नोंद एखाद्याने नंतर उघडली, फोन नंबर तेवढा बदलला आणि पुन्हा जतन केली तर? तिच्यावर नवी तारीख पडते, आत मात्र जुनाच २ असतो. म्हणून शेवटच्या बदलाची तारीख न पाहता नोंद प्रथम झाल्याची तारीख पाहावी. त्यातही एखाद्या दक्ष कारकुनाने चूक दिसताच हाताने तालुका सुधारला असेल, तर ही तारीखही फसविते. सारांश, बदलापूर्वी झालेल्या आणि बदलानंतर पुन्हा जतन केलेल्या नोंदी वेगळ्या काढून कागदी अर्जांशी एकेक करून ताडून पाहाव्या लागतात. त्यास संगणक नव्हे, चष्मा लागतो.

नावाची आणखी एक मौज आहे. इंग्रजी लिपीत ह्या गावाची दोन्ही नावे नऊ-नऊ अक्षरांची. वीस जागांच्या पेटीत ती ऐसपैस बसतात. देवनागरीत मात्र संगणकाची मोजदाद निराळी असते. ‘धाराशिव’ हा शब्द आपण चार अक्षरांचा समजतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात ध, काना, र, काना, श, वेलांटी, व अशी सात चिन्हे आहेत. ‘उस्मानाबाद’मध्ये दहा. यूटीएफ-८ ह्या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन जागा लागतात. म्हणजे ‘धाराशिव’ला एकवीस. आता वीस जागांची पेटी घ्या. शेवटचा ‘व’ अर्धवट तुटतो, आणि पडद्यावर ‘धाराशि’ एवढेच नाव व त्यापुढे एखादा प्रश्नचिन्हाचा ठिपका उरतो. रोमन अक्षरे मोजून पेट्या आखणाराच्या हे स्वप्नातही येत नाही. पेटीची लांबी चिन्हांत ठरवावी, जागांत नव्हे. आणि शब्द तोडणे भागच असेल तर पूर्ण अक्षराच्या सीमेवर तोडावा. खोडण्याच्या कळेबद्दल लोक विचारतात तेही ह्यातलेच. ‘श्री’ लिहून मागे खोडण्याची कळ एकदा दाबली तर साधारणपणे दीर्घ वेलांटी तेवढी जाते, कारण ते एक अक्षर चार चिन्हांचे आहे. ह्यात बिघाड काही नाही. ज्यांनी मात्र लिहिण्याची पेटी स्वतःच घडविण्याचा हौशी उद्योग केला, त्यांच्या पडद्यावर ‘श्री’चा ‘श्’ होऊन लोंबकळतो. म्हणून ती पेटी संगणकाच्या प्रणालीने दिलेली तयार घ्यावी.

उंचीचेही असेच. रोमन लिपी बसेल एवढ्या उंचीचे बटण केले, की ‘पूर्ती’चा रफार वरून आणि ऊकार खालून छाटला जातो. बटणाची मापे ठोकून न देता आतील मजकुरावरून ती ठरतील अशी मांडणी करावी. पडद्याचे आकारमान सव्वापट केले तरी मग बिघडत नाही.

अंकांचे सांगावयाचे तर, कोणी ‘१२५०’ असे मराठी अंक लिहिले की बरेच प्रोग्राम ‘कृपया संख्या लिहा’ असे बजावतात. लिहिणारा बिचारा संख्याच लिहीत असतो! पायथन भाषा मराठी अंक जसेच्या तसे वाचते. जेथे भाषा वाचीत नाही तेथे प्रोग्रामाने आधी अंक बदलून घ्यावेत. दहा ओळींचे काम आहे. न करण्यास आम्हांस तरी कोणतेही कारण दिसत नाही.

तारखेच्या पेटीविषयी मात्र आमची तक्रार नाही. आपल्या भागातील निजामी अमदानीचे कागद फसली सनाचे असतात. इसवी सन काढण्यास त्यात साधारण ५९० मिळवावे लागतात. एका मुलाने जुन्या कागदावरून १३४७ हे साल जसेच्या तसे भरावयास घेतले आणि पेटीने ते नाकारले. विंडोज फॉर्म्समधील तयार तारीख-पेटी १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख घेतच नाही. इंग्लंडने आपले पंचांग १७५२ साली बदलले, त्याचा हा अवशेष. त्या आडमुठेपणामुळे निजामाच्या काळातले खरेदीखत चौदाव्या शतकात जाता जाता वाचले. त्यावर आम्ही एक जादा पेटी दिली. तीत फसली सन लिहावा आणि शेजारी इसवी सन दिसावा. मूळ कागदावरचा आकडा मात्र जसाच्या तसा जपावा.

नाव बदलण्याच्या धांदलीत एका उत्साही गृहस्थाने सर्व मजकुरात ‘उस्मानाबाद’ शोधून त्याजागी ‘धाराशिव’ घालण्याचे बटण दाबले. पशुपालनाच्या अर्जांच्या यादीत तेव्हापासून ‘धाराशिवी शेळी’ अशी जात दिसू लागली. उस्मानाबादी शेळी ही देशभर त्याच नावाने नोंदलेली जात आहे. त्या अर्जांतील नाव परत जागेवर आणण्यास आम्हांस दोन दिवस लागले, कारण उलट शोध घेतला असता गावाचेही नाव पुन्हा फिरले असते.