अंगणातली तगर आणि अफूचा विळखा

वाशिम असो, कारंजा असो की रिसोड, देवपूजेसाठी अंगणात लावलेली पांढऱ्या फुलांची तगर कुठे ना कुठे दिसतेच. या झुडपात कोरोनारिडिन नावाचं अल्कलॉइड असतं आणि ते आफ्रिकेतल्या इबोगा झाडातल्या इबोगेनचं जवळचं भावंड आहे!

१९६२ साली न्यूयॉर्कमध्ये अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या हॉवर्ड लॉट्सॉफ या तरुणाने इबोगेन घेतलं. नशा सुटताना अंग मोडून काढणारा त्रास त्याला झालाच नाही. पण इबोगेन हृदयाची लय बिघडवतं, त्यातून मृत्यूही झाले आहेत. म्हणून १९९०च्या दशकात अमेरिकेत ग्लिक आणि क्यूने यांनी कोरोनारिडिनच्या धर्तीवर १८-मेथॉक्सिकोरोनारिडिन घडवलं. प्रयोगातल्या उंदरांची मॉर्फिनची ओढ त्याने कमी झाली. माणसांसाठी ते अजून मान्य औषध नाही.

मला खरं थक्क करतं ते ब्युप्रेनॉर्फिन. व्यसनमुक्तीसाठी डॉक्टर आज देतात ते हे औषध थेबेनपासून बनतं, आणि थेबेन येतं अफूच्या झाडातूनच!

तगरीचा काढा घरी करून कुणालाही देऊ नका. घरातलं कुणी व्यसनात अडकलं असेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.