दिवाळीत पेरायची पार्सली

नवी मुंबईत घरी पार्सली लावायची असेल, तर बी पेरायचा काळ दिवाळी ते मार्गशीर्षाची सुरुवात एवढाच. बियांची पाकिटं आता बाराही महिने घरपोच येतात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत किंवा पहिल्या पावसाच्या उत्साहात कुंड्या भरल्या जातात आणि महिन्याभरात त्या रिकाम्याही होतात. लावणाऱ्याला वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. प्रत्यक्षात महिना चुकलेला असतो. तुळशीपलीकडे ज्यांनी आजवर काही लावलेलं नाही त्यांनाही ही वनस्पती जमते, फक्त तिच्या गतीने चालायची तयारी हवी.

पार्सली मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. शास्त्रीय नाव पेट्रोसेलिनम क्रिस्पम. कोथिंबीर, शेपू, गाजर, ओवा, बडीशेप आणि जिरं यांच्या कुळातली, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची जवळची नातलगच. तिला पंधरा ते पंचवीस अंशांचं हवामान मानवतं. खाडीकाठच्या आपल्या शहरात ऑक्टोबर हीट ओसरल्यावर रात्री हळूहळू गार होत जातात, आणि फेब्रुवारी सरता सरता पुन्हा तापू लागतं. दिवसाचं ऊन डिसेंबर-जानेवारीतही तिशीच्या आसपास असतंच, पण पहाटेचा गारवा तिला सावरून धरतो. वाढीसाठी मिळतात ते हेच तीन-चार महिने.

या जमिनीला ते महिने नवे नाहीत. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं, त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती. पनवेल-उरणकडे अजूनही भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाल घेतात, आणि जानेवारीत त्याच शेंगा मडक्यात भाजायची पोपटी लागते. आगरी शेतकऱ्याने वालासाठी हेरलेला हा काळ पार्सलीलाही नेमका लागू पडतो. परदेशी पाकिटावर छापलेलं ‘स्प्रिंग’ आपल्या कामाचं नाही. वालाची पेर कधी होते ते पाहावं.

आता बी. कोथिंबिरीची सवय असलेल्या माणसाची इथे खरी परीक्षा असते. डब्यातले धणे रगडून त्यांचे दोन भाग केले, मातीत टाकले, की आठ-दहा दिवसांत हिरवं दिसू लागतं. पार्सली दोन ते चार आठवडे काहीच दाखवत नाही. तिच्या बियांत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात, ती धुऊन निघेपर्यंत कोंब बाहेर पडत नाही. इंग्लंडमधल्या जुन्या समजुतीप्रमाणे पार्सलीचं बी उगवण्याआधी नऊ वेळा सैतानाकडे जाऊन येतं. इतकी वाट पाहायला लावणाऱ्या बियाबद्दल अशी कथा निघाली यात मला नवल वाटत नाही. धीर सुटून तिसऱ्या आठवड्यात कुंडी उकरणारे पुष्कळ असतात, आणि कोंब नेमका तेव्हाच माती फोडण्याच्या बेतात असतो.

म्हणून पेरण्याआधी बी रात्रभर पाण्यात भिजवावं, सकाळी ते पाणी ओतून टाकून एकदा स्वच्छ पाण्याने धुवावं. घेताना पाकिटावरची पॅकिंगची तारीख आवर्जून बघावी, कारण या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचं पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. एका ग्रॅममध्ये पाचशेच्या पुढे बिया असतात. छोटं पाकीट अख्ख्या मजल्याला पुरतं, तेव्हा शेजाऱ्यांत वाटून टाकणं उत्तम. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावं, वरून चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्यावा आणि कोंब दिसेपर्यंत ओलं गोणपाट झाकावं. कुंडी या काळात सावलीतच ठेवावी. नोव्हेंबरची दुपार अजून बरीच तापते, आणि माती तापली की बी रुसतं. माती एकदाही पूर्ण सुकू द्यायची नाही. झारीने धो धो ओतण्यापेक्षा फवारणीच्या बाटलीने दिवसातून दोनदा भिजवलेलं बरं. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढावं.

एक युक्ती नवशिक्यांना फार उपयोगी पडते. पार्सलीच्या ओळींमधल्या जागेत विरळ मेथीदाणे टाकावेत. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कुंडी रिकामी वाटत नाही, म्हणून पाणी द्यायचं लक्षात राहतं, आणि वरची माती बांधली जात नाही. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात तेवढी झाली की कात्रीने मातीलगत कापून घ्यावी. उपटू नये, शेजारचं पार्सलीचं कोवळं मूळ दुखावतं.

हे मूळ महत्त्वाचं आहे. गाजराची बहीण असल्यामुळे पार्सलीचं मूळ सरळ खाली जातं आणि जागा बदललेली त्याला आवडत नाही. म्हणून ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवण्यापेक्षा थेट मोठ्या कुंडीतच पेरावं. दहा-बारा इंच खोल कुंडी किंवा ग्रो बॅग घ्यावी, आणि खाली पाणी निघून जाईल इतकी भोकं असावीत. उगवलेल्या गर्दीतून शेवटी तीनच रोपं ठेवायची. उरलेली कापून टाकताना मन होत नाही, पण कापावीतच. दाटीत एकही धड वाढत नाही. अशी ओली कुंडी पंधरा किलोच्या पुढे जाते, तेव्हा खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ओळीने मांडण्याआधी ग्रिलची पकड तपासावी. खाली ताटली हवीच. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी टपकलं की बागेपेक्षा तक्रारी जास्त फुलतात.

रोपवाटिकेत मिळणारी लाल माती एकटी वापरली तर आठवड्यात दगडासारखी होते. दोन वाटे लाल माती, दोन वाटे कंपोस्ट आणि एक वाटा भिजवून धुतलेलं कोकोपीट असं मिश्रण हलकं राहतं. कंपोस्ट घरचं असेल तर सर्वांत चांगलं. ओला कचरा वेगळा काढायला नवी मुंबईकर आता सरावले आहेत. त्यातला थोडा घरातच ठेवायचा, एवढंच. यामागे महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून साध्या शेतकऱ्याला प्रयोगशील केलं, आणि पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याचा त्यांचा विचार पुढे शहरांच्या गच्च्यांवर पोहोचला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून कमीत कमी मातीत भाज्या पिकवून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्यांची आणि फळझाडांची बाग उभी केली. जागा नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही तीन नावं आठवावीत असं मला मनापासून वाटतं.

उन्हाचा हिशोब मात्र ज्याच्या त्याच्या गॅलरीचा. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. म्हणजे एरवी अंधारी वाटणारी दक्षिणेची गॅलरी हिवाळ्यात खोलवर उजळते, आणि पार्सलीसाठी तीच पहिली पसंती. पूर्वेची गॅलरीही चांगली. नेरुळ-बेलापूरकडे पारसिकच्या डोंगरामुळे ऊन थोडं उशिरा येतं, तरी सकाळचे चार तास मिळाले तर पुरे. पश्चिमेला खाडीचा वारा आणि दुपारचं तिखट ऊन एकत्र येतं, तिथे हिरव्या जाळीचा आडोसा करावा. उत्तरेला फक्त पुदिना लावावा आणि समाधान मानावं.

पाणी बोटाने माती तपासून द्यावं. वरचा इंचभर थर कोरडा लागला की द्यायचं. बोअरच्या पाण्यावर असलेल्या इमारतींत कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात, ती क्षारांची. अशा कुंडीला महिन्यातून एकदा तळातून वाहून जाईल इतकं गोडं पाणी सोडावं. दर पंधरवड्याला मूठभर गांडूळ खत मातीत हलकेच मिसळावं. कीड आली तर बहुधा मावा येतो, पानांच्या मागे आणि कोवळ्या देठांवर. जोराच्या पाण्याने धुऊन टाकला तरी पुष्कळदा भागतं, नाहीतर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारावं. कबुतरं माव्यापेक्षा जास्त नुकसान करतात. गॅलरीला जाळी नसेल तर रोपं हातभर होईपर्यंत कुंडीवर तरी जाळी बांधावी.

पेरणीपासून साधारण अडीच-तीन महिन्यांनी, संक्रांतीनंतर, पहिली कापणी. बाजारातली कोथिंबीर मुळासकट उपटलेली येते, त्या सवयीने इथे हात चालवू नये. पार्सली मधून वाढते. म्हणून बाहेरच्या बाजूचे जुने देठ मातीलगत कापायचे, मधला कोंब राखायचा, आणि एका वेळी रोपाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. कोथिंबिरीची कुंडी एकदाच जेवू घालते. ही हळू येते, पण एप्रिलपर्यंत देत राहते. तिच्यावरचा माझा लोभ त्यामुळेच आहे.

कुरळ्या पानांची जात दिसायला देखणी, पण खायला सपाट पानांची घ्यावी. चव जास्त आणि धुवायला सोपी. फोडणीत ती वाया जाते, पदार्थ उतरवल्यावर वरून घालावी. काकडीच्या कोशिंबिरीत, उकडलेल्या बटाट्यावर लिंबू आणि तेलाबरोबर, अंड्याच्या पोळीत छान लागते. लेबनॉनकडच्या तब्बुले या कोशिंबिरीत ती शोभेची नसते, तीच मुख्य भाजी असते. आपल्याकडे तब्बुलेतल्या बुलगूर गव्हाऐवजी लापशीचा दलिया चालतो, मात्र तो आधी शिजवून मोकळा करून घ्यावा लागतो, कारण तिथला बुलगूर अर्धवट शिजवून वाळवलेला असतो.

शंभर ग्रॅम ताज्या पानांत सुमारे १३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सहा मिलिग्रॅम लोह असतं. के जीवनसत्त्व तर १,६०० मायक्रोग्रॅमच्या पुढे, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज शंभरच्या आसपास. म्हणून रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज पार्सली खाऊ नये. गरोदरपणात चिमूटभर चवीपुरती ठीक, पण तिचे अर्क आणि काढे घेऊ नयेत.

मार्चनंतर पानं राठ होऊ लागतात. कुंडी दुपारच्या सावलीत सरकवली तर महिनाभर आणखी मिळतो. पार्सली द्विवर्षायू, दुसऱ्या वर्षी फुलून बी धरायला तिला काही आठवडे जी थंडी लागते ती नवी मुंबईत पडत नाही, त्यामुळे पुढच्या दिवाळीला बी नवंच आणावं लागतं. जूनच्या पावसात मूळ कुजायची वाट न पाहता मेअखेर रोप उपटावं. त्याची मुळं धुऊन चिरून सूपच्या पाण्यात उकळता येतात. माती दोन दिवस उन्हात पसरून, त्यात नवं कंपोस्ट मिसळून कुंडी पुन्हा भरावी आणि पावसाआधी तिच्यात अळूचा कंद लावावा.